प्लेगची साथ आणि आरोग्यविषयक संशोधनाची व्याप्ती : मुंबई इलाखा (१८९६ ते १९१४)

प्रस्तावना

वैद्यकीय संशोधनाचा इतिहास बहुधा शोधांचा आणि शोधकांचा इतिहास म्हणून लिहिला जातो. अमुक वर्षी जंतू सापडला, अमुक वर्षी लस तयार झाली, अशा क्रमाने त्याची मांडणी होते. या मांडणीत दोन गोष्टी निसटतात. पहिली म्हणजे एखाद्या रोगाचे ज्ञान एकाच शास्त्रातून सहसा पूर्ण होत नाही. रुग्णालय, प्रयोगशाळा, कीटकशास्त्र, लोकसंख्येची आकडेवारी, घरबांधणी आणि प्रशासन या सर्वांचा त्यात वाटा असतो. दुसरी म्हणजे ज्या लोकांवर हे संशोधन होते, त्यांचे अनुभव आणि त्यांचा विश्वास हाही संशोधनाच्या यशापयशाचा घटक असतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबई इलाख्यात आलेली प्लेगची साथ हे या दोन्ही बाबींचे ठळक उदाहरण होय. या साथीच्या निमित्ताने झालेल्या विविध संशोधनांचा परस्परसंबंध तपासणे आणि ज्ञान व शासकीय कृती यांच्यात पडलेल्या अंतराची किंमत कोणी मोजली याचा विचार करणे, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

साथीचा प्रारंभ आणि निदानाचा प्रश्न

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईतील मांडवी भागात तीव्र ताप आणि जांघेत वा काखेत गाठी अशी लक्षणे असलेले रुग्ण आढळू लागले. मूळचे गोव्याचे असलेले डॉ. अकासियो गॅब्रिएल व्हिएगस यांनी हा रोग गाठीचा प्लेग असल्याचे निदान केले. मांडवी हा बंदरालगतचा, धान्याच्या वखारींनी आणि दाट वस्तीने भरलेला भाग. त्यामुळे हे निदान मान्य करणे म्हणजे शहराच्या व्यापारावर गंडांतर ओढवून घेणे होते. प्लेगचे नाव घेतले की परदेशी बंदरे मुंबईच्या मालाला आणि जहाजांना दार लावणार, हे उघड होते. साहजिकच प्रारंभी या निदानाबद्दल शंका घेतल्या गेल्या. मात्र १८९४ मध्ये हाँगकाँग येथे अलेक्झांद्र येर्सिन आणि किटासाटो यांनी प्लेगच्या जंतूचा शोध लावलेला असल्याने सूक्ष्मदर्शकाखाली खात्री करून घेणे आता शक्य झाले होते. व्हिएगस यांचे निदान खरे ठरले.

साथीचे परिणाम झपाट्याने दिसू लागले. गिरणी कामगार आणि व्यापारी मोठ्या संख्येने शहर सोडून गेले. १८९१ च्या जनगणनेत सुमारे ८ लाख २२ हजार असलेली मुंबईची लोकसंख्या १९०१ मध्ये सुमारे ७ लाख ७६ हजारांवर आली. वाढत्या औद्योगिक शहराची लोकसंख्या दहा वर्षांत घटावी, ही असाधारण बाब होती. पुढील दोन दशकांत हिंदुस्थानात या रोगाने एक कोटीहून अधिक बळी घेतले. मराठी वृत्तपत्रांनी या रोगास ‘ग्रंथिक सन्निपात’ असे नाव दिले असले, तरी लोकांच्या तोंडी ‘प्लेग’ हाच शब्द रुळला.

मुंबईकडे जगभरातील संशोधकांचे लक्ष वेधले गेले. १८९७ मध्ये येर्सिन स्वतः आपले सीरम घेऊन मुंबईत आला. जर्मन सरकारच्या संशोधक पथकासोबत रॉबर्ट कॉख येथे येऊन गेला. ऑस्ट्रियाचे पथकही आले. या पथकातील डॉ. हेर्मान म्यूलर यांचा शेवट विशेष उल्लेखनीय आहे. मुंबईहून नेलेल्या जंतूंवर व्हिएन्ना येथे काम चालू असताना ऑक्टोबर १८९८ मध्ये प्रयोगशाळेतील सेवकास प्लेगची लागण झाली. त्याच्यावर उपचार करणारे म्यूलर आणि एक परिचारिका हे दोघेही त्यात मरण पावले. या संशोधनातील धोका केवळ रुग्णांपुरता मर्यादित नव्हता, हे यावरून लक्षात येते.

प्रयोगशाळा : लसीची निर्मिती आणि तिची परीक्षा

ओडेसा येथे जन्मलेले आणि पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये काम केलेले वाल्डेमार हाफकिन १८९३ पासून हिंदुस्थानात पटकीच्या लसीचे प्रयोग करीत होते. ऑक्टोबर १८९६ मध्ये ते मुंबईस आले आणि ग्रँट मेडिकल कॉलेजमधील मोजक्या जागेत व मोजक्या माणसांनिशी त्यांनी काम सुरू केले. मांसाच्या अर्कात प्लेगचे जंतू वाढवून ते उष्णतेने मारावयाचे आणि त्या मृत जंतूंची लस टोचावयाची, ही त्यांची पद्धत होती. जंतूंची वाढ भरघोस व्हावी म्हणून द्रवाच्या पृष्ठभागावर तुपाचे थेंब सोडले जात; त्या थेंबांखाली जंतूंचे झुबके लोंबत वाढत. हिंदू आणि मुसलमान या दोघांच्याही धर्मभावना लक्षात घेऊन अर्कासाठी बकऱ्याचे मांस वापरण्यात आले. समाजाची मान्यता मिळवण्याचा विचार या संशोधकाने लसीच्या घटकद्रव्यांपासूनच केला होता, ही बाब महत्त्वाची आहे.

१० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी ही लस प्रथम स्वतःला टोचून घेतली. त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. तेथील साधारण निम्मे कैदी लस घेण्यास पुढे आले. लस घेतलेल्या आणि न घेतलेल्या कैद्यांचे अन्न, निवारा आणि दिनक्रम सारखेच असल्याने दोन्ही गटांची तुलना शक्य झाली. लस घेतलेल्यांमध्ये रोगाचे आणि मृत्यूचे प्रमाण स्पष्टपणे कमी दिसले. १८९८ मध्ये बडोदे संस्थानातील उंढेरा या गावी प्रत्येक कुटुंबातील सुमारे निम्म्या व्यक्तींना लस टोचून उरलेल्या व्यक्तींशी तुलना करण्यात आली. एकाच घरात, एकाच छपराखाली राहणाऱ्या माणसांची ही तुलना शास्त्रीय दृष्ट्या तुरुंगातील प्रयोगापेक्षा अधिक बळकट होती. न टोचलेल्यांमध्ये मृत्यू कितीतरी अधिक झाले.

तथापि या दोन्ही प्रयोगांकडे आजच्या दृष्टीने पाहिल्यास काही प्रश्न उपस्थित होतात. कैद्याची संमती कितपत स्वेच्छेची मानावी? घरातील कोणाला टोचावे आणि कोणाला वगळावे, हे ठरवताना त्या घराला काय सांगितले गेले? लसीचा गुण सिद्ध होण्यासाठी कोणीतरी लसीवाचून राहणे आवश्यक होते, आणि जे तसे राहिले त्यांच्या मृत्यूंवरच लसीची उपयुक्तता सिद्ध झाली. हा पेच त्या काळी मांडला गेला नाही. परंतु तो तेव्हाही अस्तित्वात होता.

लसीची मागणी वाढत गेल्याने प्रयोगशाळेला मोठी जागा आवश्यक झाली. १० ऑगस्ट १८९९ रोजी परळ येथील जुन्या गव्हर्नमेंट हाऊसच्या इमारतीत ‘प्लेग रिसर्च लॅबोरेटरी’ सुरू झाली. हीच संस्था १९२५ पासून हाफकिन इन्स्टिट्यूट या नावाने ओळखली जाऊ लागली.

रुग्णालय : उपचारांची तुलना

लस रोग टाळण्यासाठी होती. झालेल्या रोगावर उपाय नव्हता. आर्थर रोडवरील साथीच्या रोगांच्या रुग्णालयात, म्हणजेच आजच्या कस्तुरबा रुग्णालयात, डॉ. नसरवानजी होरमसजी चोक्सी यांनी हजारो प्लेगग्रस्तांवर उपचार केले. इटालियन शास्त्रज्ञ लुस्टिग यांच्या सीरमची परीक्षा घेताना त्यांनी दाखल होणाऱ्या रुग्णांपैकी एकाआड एक रुग्णास सीरम दिले आणि मधल्या रुग्णांवर नेहमीचे उपचार केले. सीरम कोणाला द्यावे हे वैद्याच्या पसंतीवर न सोडता क्रमावर सोडल्यामुळे तुलनेतील पक्षपात कमी झाला. पुढे विसाव्या शतकाच्या मध्यास यादृच्छिक निवडीवर आधारलेल्या चाचण्या रूढ झाल्या. त्यांच्या पूर्वसूरींमध्ये मुंबईतील या कामाची गणना करावी लागते. सीरमने मृत्यूचे प्रमाण काहीसे कमी झालेले दिसले, मात्र प्लेगवरचा खात्रीचा इलाज त्यातून लाभला नाही. तसा इलाज सल्फा औषधे आणि त्यानंतरची प्रतिजैविके उपलब्ध होईपर्यंत, म्हणजे १९४० च्या सुमारापर्यंत मिळू शकला नाही.

प्रशासन : अपुऱ्या ज्ञानाची सक्ती

प्रयोगशाळेत आणि रुग्णालयात असे काम चालू असताना सरकारने ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा अमलात आणला. या छोट्याशा कायद्याने अधिकाऱ्यांना जवळजवळ अमर्याद अधिकार दिले. घरांची झडती, रुग्णांना सक्तीने रुग्णालयात हलवणे, त्यांच्या नातलगांना छावणीत ठेवणे, घरातील सामान जाळणे, भिंती आणि जमिनी कार्बोलिकने धुऊन काढणे, प्रवाशांची रेल्वे स्थानकांवर तपासणी करणे, असे उपाय योजले गेले. या उपायांमागील गृहीतक असे होते की, रोग माणसाकडून माणसाकडे आणि घाणीतून पसरतो.

लोकांचा विरोध कायदा येण्यापूर्वीच सुरू झाला होता. ऑक्टोबर १८९६ मध्ये गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोड रुग्णालयावर हल्ला केला होता. मार्च १८९८ मध्ये एका विणकर कुटुंबातील आजारी स्त्रीच्या तपासणीवरून मुंबईत दंगल उसळली. पुण्यात प्लेग कमिटीचे अध्यक्ष वॉल्टर चार्ल्स रँड यांनी घरझडतीसाठी गोऱ्या शिपायांचा वापर केला. देवघर आणि स्वयंपाकघरापर्यंत जाणारे शिपाई, उघड्यावर होणारी स्त्रियांची तपासणी यांमुळे क्षोभ वाढत गेला. २२ जून १८९७ रोजी चाफेकर बंधूंनी रँड यांच्यावर गोळी झाडली. त्याच रात्री लेफ्टनंट आयर्स्ट ठार झाला आणि ३ जुलै रोजी रँड मरण पावले. त्यानंतर लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा खटला होऊन त्यांना १८ महिन्यांची शिक्षा झाली. राजकीय इतिहासात ही घटनामालिका सुपरिचित आहे.

तथापि लोकांचा विरोध हा आधुनिक उपचारांनाच होता, असे मानणे योग्य ठरणार नाही. पुण्यात टिळकांच्या पुढाकाराने हिंदू प्लेग रुग्णालय उभे राहिले, तेथे लोक गेले. सावित्रीबाई फुले आणि त्यांचे डॉक्टर पुत्र यशवंत यांनी पुण्याजवळ रुग्णांसाठी केंद्र चालवले. रुग्णांची सेवा करतानाच लागण होऊन १० मार्च १८९७ रोजी सावित्रीबाईंचे निधन झाले. जेथे आपुलकीची माणसे शुश्रूषेला होती, तेथे रुग्ण आपण होऊन जात. विरोध होता तो सक्तीला आणि अवमानाला.

उंदीर आणि पिसू : उशिरा पटलेले सत्य

वरील उपाययोजना ज्या गृहीतकावर उभी होती, ते गृहीतकच चुकीचे होते, हे लवकरच दिसून आले. पाश्चर इन्स्टिट्यूटचे पॉल-लुई सीमाँ यांनी मुंबईतील रुग्णांची पाहणी केली होती. नुकताच मेलेला उंदीर हाताळणाऱ्यास रोग होतो, पण मरून बराच वेळ झालेला उंदीर हाताळल्यास तो होत नाही, ही विसंगती त्यांना सूचक वाटली. उंदराचे शरीर थंड पडले की पिसवा ते सोडून जातात, असा याचा अर्थ असावा. २ जून १८९८ रोजी कराचीत, जे तेव्हा मुंबई इलाख्यातच होते, त्यांनी निर्णायक प्रयोग केला. काचेच्या भांड्यात पिसवा असलेला आजारी उंदीर ठेवला आणि त्याचा स्पर्श होणार नाही अशा बेताने जाळीच्या पिंजऱ्यात निरोगी उंदीर टांगला. आजारी उंदीर मेला. काही दिवसांनी टांगलेला उंदीरही प्लेगने मेला. पिसवा नसताना केलेल्या प्रयोगात मात्र लागण झाली नाही.

हा निष्कर्ष त्याच वर्षी प्रसिद्ध झाला. परंतु तो मान्य झाला नाही. १८९८-९९ मध्ये फ्रेझर यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या हिंदुस्थान प्लेग कमिशनने पिसवांच्या सिद्धान्ताला फारसे महत्त्व दिले नाही. पुढे १९०५ पासून परळच्या प्रयोगशाळेत नव्या संशोधन मंडळाने पद्धतशीर काम हाती घेतले. डॉ. ग्लेन लिस्टन यांनी प्लेगग्रस्त घरांत गिनीपिग सोडून त्यांच्या अंगावर उंदरांच्या पिसवा जमतात आणि त्यांना प्लेग होतो, हे दाखवले. परळच्या आवारात खास बांधलेल्या झोपड्यांत काही प्राणी जमिनीवर, तर काही पिसूची उडी पोहोचणार नाही इतक्या उंचीवर ठेवून फरक तपासला गेला. शहरातून गोळा केलेले हजारो मेलेले उंदीर तपासण्यात आले. साथ प्रथम गटारांतील तपकिरी उंदरांत, नंतर घरांतील काळ्या उंदरांत आणि शेवटी माणसांत येते, असा क्रम त्यातून सिद्ध झाला. शीव, वडाळा, परळ आणि वरळी या त्यावेळच्या गावांतील नोंदींनी त्यास पुष्टी दिली. १९१४ मध्ये लंडन येथे बॅकॉट आणि मार्टिन यांनी पिसूच्या अन्ननलिकेत जंतूंचा बोळा बसतो आणि त्यामुळे चावताना जंतू रक्तात ओकले जातात, हे दाखवून ही साखळी पूर्ण केली.

या शोधाचा प्रशासकीय अर्थ गंभीर होता. गाठीचा प्लेग रुग्णाकडून शेजाऱ्याला थेट होत नसेल, तर त्याला घरातून ओढून नेण्याने साथ थांबण्यासारखी नव्हती. घर धुऊन काढल्याने उंदीर शेजारच्या घरात पळण्याचीच शक्यता अधिक होती. म्हणजे ज्या झडत्यांनी लोकांची मने दुखावली, त्यांचा रोगनिवारणासाठी फारसा उपयोग नव्हता. याउलट ग्रामीण महाराष्ट्रात लोकांनी स्वतःहून स्वीकारलेला उपाय अधिक शास्त्रशुद्ध होता. घरात उंदीर पडू लागले की गाव रिकामे करायचे आणि माळावर वा शेतात झोपड्या घालून राहायचे, ही रीत या काळात सर्वत्र रूढ झाली. तिच्यामागे जंतुशास्त्र नव्हते, पण निरीक्षण होते. प्रशासन ज्या समाजाला अज्ञानी समजत होते, त्या समाजाने उंदीर आणि माणसाचा मृत्यू यांतील संबंध स्वतःच्या अनुभवाने ओळखला होता.

शहरात मात्र उंदराचा प्रश्न घराच्या प्रश्नाशी जोडलेला होता. १८९८ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने दाट वस्त्या पाडल्या, रुंद रस्ते काढले. परंतु पाडलेल्या घरांच्या प्रमाणात गरिबांना परवडणारी नवी घरे मिळाली नाहीत, आणि उठवलेली माणसे शेजारच्या दाट वस्त्यांतच गर्दी करू लागली. आरोग्याचा प्रश्न केवळ पाडकामाने सुटत नाही, हा धडा मुंबईने तेव्हाच अनुभवला.

मुलकोवाल : संशोधकाची सुनावणी

३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुलकोवाल या गावी १०७ जणांना परळहून आलेली लस टोचण्यात आली. त्यांपैकी १९ जण धनुर्वाताने मरण पावले. हे १९ही जण एकाच बाटलीतील लस घेतलेले होते. इतर बाटल्यांतील लस घेतलेल्या कोणासही धनुर्वात झाला नाही. चौकशी समितीचे अध्यक्ष मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश सर लॉरेन्स जेंकिन्स हे होते. दोष बाटली उघडण्यापूर्वीचा, म्हणजे प्रयोगशाळेतील असल्याचा निष्कर्ष निघाला आणि हाफकिन यांना संचालकपद गमवावे लागले.

कागदपत्रे प्रसिद्ध झाल्यावर मात्र वेगळे चित्र समोर आले. बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो पुरेसा निर्जंतुक न करताच वापरला गेला होता. जंतू आधीपासून बाटलीत वाढत असते, तर लसीला दुर्गंधी आली असती. तशी ती आढळली नव्हती. मलेरियाच्या संशोधनाबद्दल नोबेल पारितोषिक मिळवलेले रोनाल्ड रॉस आणि इतर जंतुशास्त्रज्ञांनी १९०७ मध्ये लंडनच्या ‘टाइम्स’मधून हाफकिन यांची बाजू मांडली. त्याच वर्षी ते दोषमुक्त झाले आणि कलकत्त्यास कामावर परतले. पण परळची प्रयोगशाळा त्यांच्याकडे पुन्हा आली नाही. १९३० मध्ये लोझान येथे त्यांचे निधन झाले.

या प्रकरणात हाफकिन यांच्यावरील अन्यायाची चर्चा पुष्कळ झाली आहे. मुलकोवालच्या १९ व्यक्तींची चर्चा त्या मानाने अत्यल्प आहे. लसीचे उत्पादन कितीही शुद्ध असले, तरी ती टोचण्याचे काम शेवटी एखाद्या खेड्यात, धुळीत, घाईने होत असते. संशोधनाची जबाबदारी प्रयोगशाळेच्या दाराशी संपत नाही. ती सुईच्या टोकापर्यंत जाते. चौकशी ‘दोष कोणाचा’ या प्रश्नाभोवती फिरत राहिली. ‘अशी चूक पुन्हा होऊ नये म्हणून व्यवस्था कशी असावी’ हा प्रश्न मागे पडला.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील बाबी स्पष्ट होतात. पहिली, प्लेगविषयीचे ज्ञान कोणत्याही एका शास्त्राने पूर्ण झाले नाही. जंतुशास्त्राने कारण सांगितले, कीटकशास्त्राने मार्ग दाखवला, रुग्णालयाने उपचारांची मर्यादा सिद्ध केली, आकडेवारीने क्रम लावला आणि घरबांधणीच्या प्रश्नाने रोग गरिबांच्याच वस्तीत का मुरतो हे उघड केले. दुसरी, ज्ञान अपुरे असताना केलेली सक्ती ही केवळ अन्यायकारक नसते, तर निरुपयोगीही ठरू शकते. सीमाँ यांचा प्रयोग १८९८ चा. तो सर्वमान्य होण्यास त्यानंतर जवळजवळ दशकभर लागले. तिसरी, लोकांचे निरीक्षण आणि लोकांचा विश्वास यांना संशोधनाच्या बाहेरचे घटक मानणे महागात पडते.

या इतिहासाचे महत्त्व केवळ भूतकाळापुरते नाही. १९९४ मध्ये बीड जिल्ह्यात आणि सुरतेत प्लेगची चर्चा पुन्हा झाली, तेव्हा लाखो लोकांनी सुरत सोडली. भीतीचे स्वरूप शतकानंतरही फारसे बदलले नव्हते. मार्च २०२० मध्ये करोनाच्या साथीत महाराष्ट्र शासनाने १८९७ चाच साथरोग कायदा लागू केला. त्या वर्षी त्यात आरोग्यसेवकांच्या संरक्षणाची दुरुस्ती झाली, ती योग्यच होती. परंतु ज्यांच्यावर कायद्याचा अंमल होतो त्या नागरिकांच्या हक्कांची तरतूद त्यात आली नाही. दरम्यान भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने मानवावरील संशोधनासाठी नैतिक मार्गदर्शक तत्त्वे २००० मध्ये आणि सुधारित स्वरूपात २०१७ मध्ये प्रसिद्ध केली. संशोधनात सहभागी होणाऱ्या व्यक्तीची माहितीपूर्ण संमती आज बंधनकारक आहे. भायखळ्याचे कैदी आणि उंढेऱ्याची कुटुंबे यांना हे संरक्षण नव्हते.

परळच्या इमारतीवर हाफकिन यांचे नाव आहे, आणि ते उचितच आहे. परंतु त्या इमारतीत निर्माण झालेल्या ज्ञानात व्हिएगस यांचे धैर्य, चोक्सी यांची चिकाटी, मेलेले उंदीर गोळा करणाऱ्या कामगारांचे श्रम आणि माळावर झोपड्या घालणाऱ्या गावकऱ्यांचे शहाणपण हेही सामावलेले आहे. वैद्यक आणि सार्वजनिक आरोग्य यांच्या संशोधनाची व्याप्ती ठरवताना या सर्वांचा समावेश केल्याखेरीज तिचा इतिहास पूर्ण होणार नाही.